कोमट पाणी

केरबाकाकांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही, जुईच्या गळ्यात घातली.

मी हात पुढे केलेला होता. दोन घरांच्या मधल्या कठड्यापलीकडून त्यांनी तो बघितला, बघून न बघितल्यासारखं केलं आणि वाकून, लाल दोऱ्यात ओवलेली ती पितळी किल्ली माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात अडकवली.

“सांभाळशील न्हवं, बारके?”

जुईने मान हलवली. ती तेव्हा कुणाशी फारसं बोलायची नाही, पण मान अशी हलवायची की समोरच्याला स्टँपपेपरवर सही मिळाल्यासारखं वाटावं.

मग ते माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही निस्तं सोबतीला जावा. बारकीला समदं ठावं हाय. दोनच गोष्टी. जाळीवरचा दगड हलवायचा न्हाई आन् पाण्यात हात घालायचा न्हाई. कुणी खाल्लं न्हाई तर न्हाई खाऊ दे. मासं हायती, पावणं न्हाईत, आग्रह करायला.”

शेवटचं वाक्य मला होतं. जुईच्या मागे ताट घेऊन मी अंगणभर फिरायची, ते अख्ख्या गल्लीने बघितलेलं होतं. जुई दिवस भरायच्या आत झालेली. काचेच्या पेटीत अठरा दिवस ठेवलेली. तेव्हापासून तिच्या पोटात किती गेलं, हा माझ्या दिवसाचा पहिला आणि शेवटचा प्रश्न असायचा. कपाटाच्या दाराला आतून तिच्या वजनाचा तक्ता चिकटवलेला होता. पाणी उकळून, गार करून, पुन्हा गाळून. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेलं, इतरांना न दिसणारं मला सगळीकडे दिसायचं.

काका मिरजेला निघाले होते, थोरल्या मुलाकडे. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बारा दिवस लागणार होते. जाताना ते जुईला म्हणाले, “आल्यावर नव्या डोळ्यानं पयलं काय बघायचं?” जुईने ओठांवर बोट ठेवलं. काकांनीही ठेवलं. मला वाटलं, दोघांचा काहीतरी खेळ आहे.

गारगोटीच्या अलीकडचं ते गाव. माझा नवरा प्रसन्न साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून लागला आणि पुण्याहून आम्ही तिथे येऊन राहिलो, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेजारी केरबा डोंगळे. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते; कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते बघायचं काम. तीस वर्षं कालव्यांच्या आणि ओढ्यांच्या कडेने चालत काढलेली. बायको गेल्यावर त्यांनी ओसरीवर खिडक्यांच्या जुन्या काचा जोडून चार टाक्या केल्या आणि त्यांत ओढ्यांतले मासे आणून सोडले. अंगभर काळा पट्टा असलेले, बोटाच्या पेरापेक्षा लहान. वाळूत नाक खुपसून बसणारे, मिशीवाले. डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले, सतत पाण्याच्या वरच्या अंगाला. दुकानातले सोनेरी मासे त्यांना अजिबात चालायचे नाहीत. “बँडवाल्याची कापडं घातल्याली हायती ती,” म्हणायचे. “आपल्या ओढ्याचं मासं बघाय टायम द्यावा लागतो. नवरीगत एकदम तोंड दावत न्हाईत.”

मला ते सगळंच अवघड जायचं. पाण्यात ते बदामाची वाळकी पानं टाकायचे, त्याने पाणी चहासारखं तांबूस व्हायचं. आणि मागच्या अंगणात एका बादलीत ते माशांसाठी डासांच्या अळ्या पाळायचे. डेंग्यूची साथ चालू आणि हा माणूस डास पाळतोय. मी एकदा जाऊन त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे बादली जाळीने झाकली आणि म्हणाले, “ह्यातला एक बी डास तुमच्या घरात आला तर मला धरून आणा.” तरी रोज संध्याकाळी मी ती जाळी बघून यायची.

जुई मात्र शाळेतून आली की त्यांच्या ओसरीवर. चौथ्या टाकीसमोर गुडघे मिठीत घेऊन बसायची, तासन् तास. त्या टाकीत एकच जोडी होती. काका त्यांना डोकऱ्या म्हणायचे. मरळीच्या कुळातला मासा, पण वीतभरसुद्धा नाही. डोकं सापासारखं चपटं, कल्ल्यांची कड निळी आणि तिच्या बाहेर नारिंगी रेघ, साडीच्या काठासारखी. ही जोडी जांभळीच्या ओढ्यातली होती. आदल्या वर्षी तो ओढा यंत्राने सरळ खोदून काँक्रीटचा केला. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काका गुडघाभर चिखलात उतरून हे दोन मासे घेऊन आले. त्या ओढ्यातलं दुसरं काही आता उरलेलं नाही, असं ते म्हणायचे. या दोघांना पिल्लं झाली की ती वरच्या अंगाला, देवराईतल्या झऱ्यात सोडायची, म्हणजे जात राहील. जुईला बरोबर न्यायचं ठरलेलं होतं. दोनदा अंडी झाली होती आणि दोन्ही वेळा काकांच्या अधू डोळ्यांना काही कळायच्या आत नाहीशी झाली होती. म्हणून तो जाळीवरचा दगड, आणि म्हणून ते हात न घालणं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या दूधवालीची म्हैस गाभण होती, ते मी एकदा गल्लीत मोठ्याने बोलून गेले. काका मुद्दाम कठड्याशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, बाई असू दे न्हाईतर म्हस. पाच म्हयनं झाल्याबिगर आमच्यात बोभाटा करत न्हाईत. टिकत न्हाई.” मी हसून सोडून दिलं. मनात म्हटलं, हा माणूस माशांचं एवढं बघतो आणि विश्वास कशावर ठेवतो!

ते गेल्यावर रोज संध्याकाळी आम्ही दोघी जायचो. जुई गळ्यातली किल्ली काढून दोन्ही हातांनी ओसरीच्या दाराचं कुलूप उघडायची. जाळीच्या कोपऱ्याला ठेवलेल्या भोकातून चिमूटभर अळ्या सोडायची. चौथ्या टाकीत मादी तेवढी वर यायची. नर तळाला, फुटक्या माठाच्या खापराखाली. यायचाच नाही.

“हा खात नाही,” मी तिसऱ्या दिवशी म्हटलं.

“त्याला नाही खायचं,” जुई म्हणाली.

“असं कसं?”

“नाही खायचं त्याला.”

हे वाक्य मी तिच्या तोंडून ताटावर इतक्यांदा ऐकलेलं होतं की मी भोकातून आणखी चार अळ्या सोडल्या.

पाचव्या दिवशी जुईची माळ तुटली. शाळेत मणी ओवायला दिले होते, हरभऱ्याएवढे लाल. तिने ती माळ काकांच्या ओसरीवर नेली आणि टाकीजवळच दोरा तुटला. मणी सगळीकडे. आम्ही दोघींनी रांगत रांगत वेचले. मी मोजले. पन्नास हवे होते, अठ्ठेचाळीस भरले. पायऱ्या बघितल्या, चपला झटकल्या. मग सहज टाकीकडे नजर गेली, तर नर खापराबाहेर आलेला. त्याचा गळा फुगला होता. खालचा जबडा असा तट्ट की आत काहीतरी अडकलंय हे कुणालाही कळावं. तोंड घट्ट मिटलेलं, आणि कल्ले भराभर हलत होते.

“जुई, मणी पाण्यात पडला का गं?”

तिने जाळीकडे बघितलं. जाळीला भोक होतंच. “माहीत नाही.” मग माझा चेहरा बघून जवळ आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “आई, त्याच्या तोंडात बाळं आहेत.”

“कोण म्हणालं?”

“आजोबा. पण कुणाला सांगायचं नाही.”

मी तिला मांडीवर घेतलं आणि बाळं तोंडात नसतात, पोटात असतात, हे समजावून सांगितलं. माशांची तर अंडी असतात आणि ती आई घालते. हा बाबा आहे. आजोबांनी तुला गोष्ट सांगितली असेल. जुईने ऐकून घेतलं. म्हणाली, “बाबाच्याच तोंडात असतात.” मी तिच्या गालाला हात लावून बघितला, अंग गरम आहे का ते.

काकांच्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता. लावला नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला एका माशासाठी कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला विचारायचं नव्हतं. जुईच्या मण्याने काकांचा तो नर मेला, असं झालं असतं तर गल्लीतली माणसं काय म्हणाली असती, ते मी मनात पुरं ऐकून घेतलं होतं. आणि एक होतं, ते लिहायला अवघड जातं. किल्ली मला दिली नव्हती ना. मला त्यांना दाखवून द्यायचं होतं.

शाळा सकाळची होती. शाळेत गळ्यात काही घालू देत नसत, म्हणून किल्ली सकाळी देवघराजवळच्या खिळ्यावर असायची. दुसऱ्या दिवशी साडेसातला जुईला सोडून आले, किल्ली काढली, पिठाची चाळण घेतली, प्रसन्नचा एक धुतलेला रुमाल, कान साफ करायच्या काड्या. हात डेटॉलने धुतले. मग वाटलं, डेटॉल माशाला चालणार नाही, म्हणून पुन्हा साध्या पाण्याने. किती काळजी घेत होते मी.

दगड उचलला. जाळी बाजूला केली. पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. एप्रिलचे शेवटचे दिवस होते, पत्र्याखालची ओसरी. सकाळीच पाणी कोमट झालं होतं, बाळाच्या अंघोळीला करतात तसं. खापर उचललं. तो पळाला नाही हे मला विचित्र वाटलं. चाळण खाली सरकवली आणि दुसऱ्या फेरीत तो तिच्यात आला.

ओल्या रुमालात धरला. अंगठा एका अंगाला, बोट दुसऱ्या. मासे हातात किती तडफडतात ते मी लहानपणी मंडईत बघितलेलं होतं. हा तडफडला नाही. चावलाही नाही. फक्त तोंड मिटून राहिला. मी काडी ओठांच्या फटीत घालायला गेले तर त्याने जबडा आवळला. एवढ्याशा जिवात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं. “अरे, काढते ना, काढते,” मी त्याला म्हणत होते, जुईला औषध पाजताना म्हणते त्याच आवाजात. मग मी बोट गळ्याखाली नेलं आणि दाबलं.

मणी आला नाही. रुमालावर पिवळसर दाणे पडले. राजगिऱ्याहून थोडे मोठे, ओले, एकमेकांना धरून. वीस, तीस, आणखी. मी आधी ते पू समजले. मग डोळे जवळ नेले. प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके होते, आणि एका दाण्याला बारीक शेपूट होती आणि ती हलत होती.

मी ते सगळे पाण्यात परत टाकले. नराला सोडलं. तो एका कुशीवर तळाला गेला आणि तोंड उघडं टाकून पडून राहिला. दाणे हळूहळू खाली बसले. त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मादी मागून आली आणि तिने त्यांतले चार-पाच टिपून खाल्ले. मी काचेवर टिचक्या मारल्या. मग जाळी लावली, दगड ठेवला, कुलूप घातलं, किल्ली खिळ्यावर अडकवली.

साडेअकराला जुई आली. बूट काढले, मोजा ओढला आणि हसली. मोज्याच्या टोकातून तिने दोन लाल मणी काढून माझ्या तळहातावर ठेवले.

“सापडले,” म्हणाली.

संध्याकाळी तिने टाकीत बघितलं. दाणे वाळूवर विखुरले होते, काही पांढरे पडायला लागले होते. नर कोपऱ्यात होता, गळा रिकामा.

“आई, बाळं खाली पडलीत.”

त्या वेळी मी सांगितलं असतं तर? एवढंच म्हणायचं होतं की माझं चुकलं, तू सांगत होतीस ते खरं होतं. समोर सहा वर्षांची मुलगी होती, कुणी न्यायाधीश नव्हता. पण माझ्या तोंडून आलं ते वेगळंच.

“तू काल मणी शोधायला पाण्यात हात घातला होतास का गं?”

“नाही.”

“बघ हं. आठवून सांग. जाळी थोडी सरकलेली होती.”

“मी जाळीला हात लावला होता.”

“बघ. मग आत गेला असेल थोडासा.”

तिने आपल्या हाताकडे बघितलं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मुलं ओरडण्याला विरोध तरी करतात. मी मायेने विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी केस विंचरताना म्हटलं, मी रागावले नाहीये, चुकून होतं कधी कधी. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हटलं, आजोबा आले की खरं काय ते सांगायचं, खरं सांगितलं की कुणी रागवत नाही. ती भात चिवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “आई, मी थोडासाच घातला होता. इथपर्यंत.” आणि तिने मनगटाला बोट लावून दाखवलं.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे खोटं नाही सांगत. मी तिला जवळ घेतलं, तिच्या केसांवर तोंड ठेवलं आणि म्हणाले, “शाबास. खरं बोललीस.”

त्या दिवशी ती ताट संपवून उठली. मी तेही आनंदाने टिपून ठेवलं.

पांढरी पडलेली अंडी मी काका यायच्या आदल्या सकाळी ड्रॉपरने एकेक काढून टाकली. पाणी दूषित होऊ नये म्हणून, असं प्रसन्नला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

काका संध्याकाळच्या एसटीने आले. काळा चष्मा, कडक टोपी, हातात कापडी पिशवी. स्वतःच्या घरात जायच्या आधी त्यांनी जुईला हाक मारली. तिने कुलूप उघडलं. ते टाकीसमोर उकिडवे बसले, डॉक्टरने मना केलं असूनही चष्मा काढला, आणि काचेला जवळजवळ नाक लावून बघत राहिले. मी दारात उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावर यात्रेला आलेल्या पोराचं हसू होतं. ते हळूहळू उतरत गेलं. खापराखाली बघितलं. वाळू बघितली. परत खापराखाली बघितलं.

“किती दिस ऱ्हायलं तोंडात, बारके?”

जुई त्यांच्या पाठीशी उभी होती. “आजोबा, मी पाण्यात हात घातला. मणी शोधायला. इथपर्यंत.”

नर पुढे आला, काचेच्या अगदी जवळ. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना एकेक जागा होती, खवले गेलेली, फिकट. काकांनी आपला अंगठा काचेशी धरून त्या जागेची रुंदी घेतली, जसं कालव्यातलं पाणी मोजत असतील. मग त्यांनी जुईचा हात आपल्या हातात घेऊन बघितला. तो केवढासा होता! मग माझ्याकडे. माझे हात ओढणीखाली होते.

“डॉक्टरनं डोळा झ्याक केलाय, ताई,” ते म्हणाले. “लई बारीक बारीक दिसाय लागलंय.”

आणि थांबले. त्यांनी मला वेळ दिला. इतकी वर्षं मी तो वेळ मोजते आहे. सावकाश दहापर्यंत म्हणता येईल एवढा नक्की होता. जुई माझ्याकडे बघत होती, मी तिला पुन्हा शाबास म्हणेन म्हणून.

“चहा ठेवते,” मी म्हणाले.

मागे वळताना त्यांचं बोलणं कानावर आलं. ते जुईला सांगत होते की तुझ्याकडनं काही झालं नाही, पोरी, तू सांगितल्यालं समदं केलंस, मला ठावं हाय. पण मोठी माणसं लहानांची समजूत घालतात हे जुईला कळत होतं. तिने गळ्यातली किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. काकांनी ती घेतली नाही. “तुझ्याकडंच असू दे,” म्हणाले. तिने ती घरी आणून टेबलावर ठेवली आणि पुन्हा कधी गळ्यात घातली नाही. ओसरीवरही गेली नाही. मी विचारलं तर म्हणायची, अभ्यास आहे. पहिलीतून दुसरीत जाणाऱ्या मुलीला मे महिन्यात कसला अभ्यास असतो?

पाऊस लागायच्या आधी काकांनी ती जोडी देवराईतल्या झऱ्यात नेऊन सोडली, एकटेच. पिल्लांची वाट त्यांनी आणखी बघितली नाही. मुलगा त्यांना कायमचं मिरजेला न्यायला आला होता. निघताना ते कठड्याशी आले. जुई घरी नव्हती. “ताई, काय सांगायचं ऱ्हायलंय का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पोहोचल्यावर फोन करा. त्यांनी मान हलवली. पुढच्या वर्षी आमची बदली झाली. चार वर्षांपूर्वी ते गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. किल्ली माझ्याकडेच आहे, कपाटात, दागिन्यांच्या डब्यात.

हे सगळं मी आज लिहिते आहे त्याला कारण आमची धाकटी. ती दोन महिन्यांची आहे. जुई तेरा वर्षांची. भावंड होणार म्हणून ती नऊ महिने नाचत होती. आता दुपटी घड्या करते, पाळण्याची दोरी ओढते, खुळखुळा वाजवते. पण बाळाला हात लावत नाही. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा लौकिक आहे. हेही सुटलं नव्हतं. मी त्याला वयाचं नाव दिलं.

काल दुपारी बाळाला न्हाऊ घालायचं होतं. पाणी काढलेलं, टॉवेल वर राहिलेला. मी जुईला म्हटलं, घे गं जरा हिला, मी टॉवेल आणते. ती दोन पावलं मागे सरकली आणि तिने हात पाठीमागे नेले.

“नको, आई.”

“अगं, मान धरायची फक्त. दाखवते.”

“नको. माझा हात बरा नाही.”

मला वाटलं लागलंय. “बघू. काय झालं?”

“तसं नाही.” ती हसली, मोठ्या बाईसारखी. “तुला माहितीये ना. आजोबांच्या माशाची सगळी बाळं माझ्यामुळे मेली होती. माझा हात लागला की असं होतं. वर्गातली रोपं पण माझीच वाळली.” आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, “मी झोका देते ना. तू आण टॉवेल.”

मी बाळाला घेऊन खाली बसले. बाळ माझा कुडता चोखायला बघत होतं. मी जुईला समोर बसायला सांगितलं, आणि सगळं सांगितलं. चाळण, रुमाल, कान साफ करायची काडी. रुमालावर काय पडलं ते. तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नव्हतं, ते. मग केस विंचरताना आणि जेवताना मी काय केलं, ते. प्रत्येक वाक्य मला अगदी हळू बोलावं लागलं.

शेवटी मी म्हणाले, “तुझा हात पाण्यात गेलाच नव्हता, जुई. कधीच नाही.”

तिने हात पुढे आणले आणि मांडीवर ठेवून बघितले. उजवा, मग डावा. बराच वेळ.

“पण मला आठवतंय, आई,” ती म्हणाली. “नक्की आठवतंय. पाणी गार होतं.”

मी तिच्याकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती.

“गार नव्हतं गं,” मी म्हणाले. “कोमट होतं.”